एकाचे गाणे, अनेकांचे गळे

लोकप्रिय गीत बहुधा एका गळ्यासाठी बांधलेले असते. तेच पन्नास मुलांच्या मुखी द्यायचे, तर त्याची बांधणी नव्याने करावी लागते, ही गोष्ट आपल्या शाळांतून फारशी ध्यानात घेतली जात नाही. पाश्चात्त्य देशांत ही एक स्वतंत्र विद्याच आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांत स्वरांची वाटणी करून तिकडचे गायकवृंद बीटल्सची गाणीही गातात. आपल्याकडे वारकऱ्यांचे भजन असो की शाहिरामागचे झीलकरी, सर्वांनी एकच स्वरावली गायची ही रीत. मुंबईत सलील चौधरींनी 'बॉम्बे यूथ क्वायर' उभारून स्वरमेळाचा प्रयोग केला. परंतु ती हवा शाळांच्या प्रांगणापर्यंत क्वचितच पोचली.

मराठी माणसाने या संदर्भात वसंत देसाई यांचे स्मरण करावयास हवे. 'प्रभात'मध्ये घडलेल्या या संगीतकाराची दोन चित्रपटगीते देशभरातल्या शाळांच्या प्रार्थना होऊन बसली. पहिले १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधले 'ऐ मालिक तेरे बंदे हम'. शब्द भरत व्यासांचे, स्वर लता मंगेशकरांचा. दुसरे १९७१ च्या 'गुड्डी'मधले 'हमको मन की शक्ति देना'. शब्द गुलजारांचे, स्वर वाणी जयराम यांचा. देसाई केवळ चित्रपटांत रमले नाहीत. 'एक सूर एक ताल' या उपक्रमातून त्यांनी शाळकरी मुलांना मोठ्या समूहाने गावयास शिकविले. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहनाच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

ही दोन गीते शेजारी ठेवली, म्हणजे स्वरमेळातली खरी अडचण कळते. दुसऱ्या गटाला मूळ चालीखालचा तिसरा स्वर देणे, हा स्वरमेळाचा सर्वांत सोपा प्रकार. 'ऐ मालिक' भैरवीत आहे. भैरवीत षड्जाखाली कोमल धैवत, पंचमाखाली कोमल गंधार, मध्यमाखाली कोमल ऋषभ येतो. तिन्ही जोड्यांतले अंतर सारखे आणि कानाला गोड. शिवाय भैरवी मोठी उदार रागिणी! 'गुड्डी'तले गीत केदाराच्या अंगाने जाते. तेथे पंचमाखाली उघडा गंधार लावला, की केदार संपला. कारण या रागात गंधार झाकूनच ठेवायचा असतो. मध्यमाखाली ऋषभ घ्यावा, तर तो आरोहात वर्ज्य. अशा गीताला समांतर स्वर देऊ नयेत. एका गटाने ओठ मिटून षड्ज धरून ठेवावा, दुसऱ्याने चाल गावी. तंबोऱ्याचे काम माणसांच्या गळ्यांनी करायचे, एवढेच. यात रागही राहतो आणि समूहाचा भरणाही येतो.

पट्टीचा विचार त्याहून निकडीचा. ध्वनिमुद्रिकेतली पट्टी त्या गायिकेच्या गळ्याला बेतलेली; ती वर्गावर जशीच्या तशी लादली, म्हणजे अंतऱ्यात मुले किंचाळतात. तेराचौदा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्यावे. मुरक्या निःसंकोच गाळाव्यात. एका गळ्यातली मुरकी हा अलंकार, पन्नास गळ्यांतली तीच मुरकी म्हणजे गलबला. वाद्यवृंदाच्या मधल्या जागा पेटीवर भरता येतात, पण त्या एखाद्या गटाला आकारात गावयास दिल्या तर अधिक शोभतात.

मी आयुष्यभर भाषा शिकविली, तेव्हा शब्दांविषयी बोलणे ओघानेच आले. आमच्या बऱ्हाणपुरात एकाच रांगेत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती बोलणारी मुले उभी असतात. 'ज्ञान' हा शब्द आला, की मराठी घरातला मुलगा 'द्न्यान' म्हणतो, हिंदी घरातला 'ग्यान'. एकटा गाताना दोन्ही उच्चार खपतात. एकाच मात्रेवर दोन्ही पडले की शब्द फाटतो. हिंदी गीतात हिंदी उच्चार, मराठी गीतात मराठी, असे शिक्षकाने आधीच ठरवून द्यावे. श्वासाचेही तसेच. श्वास शब्दाच्या पोटात तोडला तर अर्थ तुटतो. ओळ लांब असेल तर दोन गटांनी आळीपाळीने श्वास घ्यावा. ऐकणाऱ्याला ओळ अखंडच वाटते.

अलीकडे काही शाळांतून प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकावर तयार गाणे लावतात आणि मुले नुसते ओठ हलवतात. सोय म्हणून हे मला समजते, पसंत नाही. ज्या मुलाला एकट्याने गाण्याचा धीर कधीच होणार नाही, त्याच्या वाट्याला गाणे येते ते समूहातच, आणि यंत्र तेवढी एक जागाही त्याच्याकडून काढून घेते.

सिंधीपुऱ्यातल्या शिक्षकांनी आरंभ भैरवीतल्या प्रार्थनेपासून करावा. मुखडा सर्वांनी एका स्वरात गावा. पहिल्या अंतऱ्यात निम्म्या मुलांनी चाल गावी, उरलेल्यांनी षड्ज धरावा. महिनाभराने हा षड्ज डळमळेनासा झाला, म्हणजे दुसऱ्या अंतऱ्यात पंचमावर विसावणाऱ्या जागांपुरताच खालचा कोमल गंधार देऊन पाहावा. पेटी त्या वेळी बंद ठेवावी.