धावपट्टीचा खर्च कोणी दिला?

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातील एक जुने गाव. तेथील केदारेश्वराचे मंदिर प्रसिद्ध आहे. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे नाणेही निराळे होते. त्याला 'हाली' म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला 'कलदार'. सहा कलदार रुपयांसाठी सात हाली रुपये मोजावे लागत. दोन राज्ये, दोन नाणी. पण दुसऱ्या महायुद्धातील महागाई दोन्हीकडे आली. ती का आली हे समजण्यासाठी आपण एका धावपट्टीचा हिशेब पाहू.

१९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी इंग्रजांनी पुण्याजवळ लोहगाव येथे लष्करी विमानतळ उभारला. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा देशात दोनशेहून अधिक विमानतळांची योजना आखली गेली. विमानतळ म्हणजे नुसते मोकळे मैदान नव्हे. जमीन सपाट करावी लागते, खडी दाबावी लागते, पाण्याचा निचरा करावा लागतो. त्याला पैसा फार लागतो.

हा पैसा कोणी द्यायचा? नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि भारत सरकार यांच्यात एक करार झाला. भारताच्या रक्षणासाठी जे लागेल त्याचा खर्च भारताने करावा, बाकीचा ब्रिटनने, असा त्याचा सारांश होता. (खर्च, करार, हिस्सा, हिशेब हे मराठी शब्द तुम्हांला घरचेच वाटतील.) नियम सोपा दिसतो. पण एकाच धावपट्टीवरून आज कलकत्त्याच्या रक्षणासाठी विमान उडाले आणि उद्या ब्रह्मदेशावर हल्ल्यासाठी उडाले, तर ती धावपट्टी कोणाची?

संस्थानांची गोष्ट वेगळी होती. निजामाने ब्रिटिश हवाई दलाला विमानांसाठी मोठ्या देणग्या दिल्या. म्हणून एका तुकडीला '१५२ हैदराबाद स्क्वाड्रन' हे नाव मिळाले. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार होती. निजामाला इंग्रज 'फेथफुल अलाय' म्हणजे विश्वासू मित्र म्हणत, तेच तिचे ब्रीद झाले.

खरी मेख पुढेच आहे. ब्रिटनच्या हिश्श्याचे रुपयेही येथे आधी भारत सरकारच देई. त्याबदली लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा होत आणि त्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ ते १९४५ या काळात नोटा सुमारे सहापट झाल्या. आता असे समजा, की बाजारात ज्वारीची पोती पूर्वीइतकीच आहेत आणि लोकांच्या हातांतील नोटा मात्र सहापट आहेत. मग भाव काय होईल? ज्याचा करार कधी वाचला नाही, त्या खर्चाचा हिस्सा मजुराच्या बायकोनेही धान्य घेताना दिला.

ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटनकडे भारताचे सुमारे ११६ कोटी पौंड जमा होते. ते पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले. पण १९४८ च्या करारात, इंग्रजांनी येथे मागे ठेवलेले लष्करी साहित्य आणि बांधकामे यांची किंमत म्हणून त्यांतून दहा कोटी पौंड वजा झाले.