डोळ्यात कुसळ गेले, तर थेंब कुठले घालावेत?

ऊस तोडताना पाते डोळ्याला लागते, मळणीत ज्वारीचे कुसळ उडून डोळ्यात जाते. पाणी येते, थोडे खुपते आणि संध्याकाळपर्यंत माणूस विसरूनही जातो. खरे दुखणे काही दिवसांनी सुरू होते. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर करडा-पांढरा ठिपका दिसू लागतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. वरचा थर शाबूत असेल तर बुरशीला सहसा आत शिरता येत नाही. ओरखडा उठला की वाट मोकळी होते. फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस या बुरशी मातीत आणि पालापाचोळ्यात असतातच. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्याने शरीराची कुमकही तिथे उशिरा पोहोचते.

इथेच घोटाळा होतो. डोळे आले असतील असे समजून मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यात अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो. पण शरीराचा प्रतिकार दबलेला असल्याने बुरशी आत खोल पसरत राहते. उतार पडला म्हणून तीच बाटली शेजाऱ्यालाही दिली जाते, हे आणखी वाईट.

निदान अवघड नाही. डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा कण खरवडतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे तंतू बहुधा त्याच दिवशी दिसतात. औषध नॅटामायसिन. दक्षिण भारतात झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुने औषध नव्या वोरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले, फ्युजेरियममध्ये तर विशेष. सुरुवातीला ते साधारण दर तासाला घालावे लागते आणि उपचार कित्येक आठवडे चालतात. मात्र ते फार खोल झिरपत नाही. उशीर झाला तर बुबुळावर फूल पडते, कधी बुबुळाला छिद्र पडते आणि नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाची वाट पाहावी लागते.

डोळ्याला मार लागल्यावर तो चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. मध, दूध, झाडपाल्याचा रस घालू नये. खुपणे थांबले नाही किंवा डोळा पुन्हा लाल झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काय लागले होते ते आवर्जून सांगावे आणि आधी घातलेल्या थेंबांची बाटली सोबत न्यावी.