बढती काढून घेताना

चाळीसगाव हे रेल्वेचे जंक्शन आणि तालुक्याचे ठिकाण. रेल्वेत किंवा कचेरीत नोकरी करणारी माणसे आपल्या शेजारीच असतात. अशा माणसाची बढती सरकारने काढून घेतली, तर आधी त्याचे म्हणणे ऐकावयास हवे की नाही? कायदा येथे प्रथम विचारतो : हा हुकूम शिक्षा आहे काय?

शिक्षा म्हणून दर्जा उतरवावयाचा असेल, तर आरोप कळवून बाजू मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे घटनेचे ३११ वे कलम सांगते. १९५७ साली धिंग्रा या रेल्वे नोकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा खुलासा केला. हंगामी बढतीवर हक्क नसतो. मूळ जागी परत पाठविणे ही एरवी शिक्षा नव्हे. परंतु त्यामुळे मूळ जागेवरील पगार, ज्येष्ठता किंवा पुढील बढती बुडत असेल, तर ती शिक्षाच होय.

मुंबई प्रांतातील मामलेदार माधव लक्ष्मण वैकुंठे हंगामी डेप्युटी कलेक्टर होते. ५१ मैलांऐवजी ५९ मैलांचा भत्ता घेतल्याच्या ठपक्यावरून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी पुन्हा मामलेदार करण्यात आले. जादा रक्कम घेतलेली नाही, असा अभिप्राय हिशेबतपासनिसांनी पुढे दिला. राज्यपुनर्रचनेनंतर हा दावा म्हैसूर राज्याविरुद्ध चालला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मामलेदार म्हणून असलेली ज्येष्ठता गेली, म्हणून ही शिक्षाच. आणि कायद्याने सांगितलेली संधी पुरती न दिल्यामुळे हुकूम रद्दबातल.

त्याच वर्षी मुंबई राज्य विरुद्ध अब्राहम या खटल्यात निकाल उलट लागला. हंगामी पोलीस उपअधीक्षकाला कारण न सांगता पुन्हा इन्स्पेक्टर केले होते. तरी तो हुकूम शिक्षा ठरला नाही.

पुढे १९६७ साली बिनापाणी देई यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : सरकारी हुकूम केवळ प्रशासकीय असला, तरी माणसाच्या हक्कांना बाध येत असेल, तर आधी ऐकून घेतले पाहिजे. म्हणून कायम बढती ‘चुकीने दिली’ म्हणून काढतानाही नोटीस देणे सामान्यतः आवश्यक ठरते.

तेव्हा हुकूम हाती येताच तीन गोष्टी पाहाव्या : बढती हंगामी की कायम, मूळ ज्येष्ठतेचे काय झाले, आणि नोटीस मिळाली होती काय. उत्तर लेखी व मुदतीत द्यावे. राज्य सरकारच्या नोकराने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे व रेल्वे नोकराने केंद्रीय न्यायाधिकरणाकडे अंतिम हुकुमापासून सामान्यतः एका वर्षात जावे. ऐकून घेणे ही मेहेरबानी नव्हे. आठ मैलांच्या हिशेबावरून एका माणसाला तेरा वर्षे झगडावे लागले, हे ध्यानात ठेवावे.