पानाला परवाना, फुलाला तुरुंग

महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराकडे निघालेल्या गर्दीत विचारून बघा, ‘भांग कायदेशीर आहे का हो?’ ‘हो’ म्हणणारेही भेटतील आणि ‘नाही’ म्हणणारेही. दोघांच्याही म्हणण्याला कायद्याचा आधार आहे!

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी, म्हणजे एनडीपीएस, कायद्याने एकाच झाडाची वाटणी केली. राळ म्हणजे चरस आणि फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, हे दोन्ही अमली पदार्थ ठरले. शेंडे नसलेली नुसती पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या. भांग पानांची, म्हणून ती केंद्राच्या कायद्यातून सुटली. राज्याच्या कायद्यात मात्र सापडली, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात भांग बनवायला, बाळगायला आणि प्यायलाही परवाना हवा.

गुजरातचा दारूबंदी कायदा याच १९४९ च्या मुंबई कायद्यातून निघालेला. तिथे दारूबंदी कायम आहे, पण २०१७ मध्ये भांग तेवढी त्यातून मोकळी केली. एकाच मुळाचे दोन कायदे, आणि नवापूरची हद्द ओलांडली की नियम उलटा.

पान कुठे संपते आणि शेंडा कुठे सुरू होतो, हा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निकाल देताना हेच तपासले: जप्त मालात शेंडे होते का, की नुसती पाने, बिया आणि काड्या? उत्तरावर माणसाची काही वर्षे अवलंबून असतात. शिक्षेचा हिशेबही विलक्षण आहे. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद. झाड लावले, मग ते तुरीच्या ओळीत एकच का असेना, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

औषधाचे काय? आयुर्वेदात ही वनस्पती विजया म्हणून ओळखली जाते आणि जातीफलादी चूर्णात आजही पडते. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, ‘ई-१’ मध्ये, तिचे नाव आहे. म्हणून बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावीच लागते. ती सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असावी, असे नियम सांगतो. मराठीचा उल्लेख नाही. पैठण किंवा कन्नडहून आलेल्या आजीला हे औषध लिहून दिले तर तिच्या भाषेतली सूचना कायद्याने बंधनकारक नाही, हे मला फार खटकते. शिवाय पान उत्पादन शुल्क खात्याच्या अखत्यारीत, औषध अन्न व औषध प्रशासनाकडे, फुलोरा पोलिसांकडे. वैद्याने नेमके कोणाला विचारायचे?

खरे तर दार पहिल्यापासून उघडे आहे. एनडीपीएस कायद्याचे कलम ८ वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाचा अपवाद ठेवते, कलम १० राज्यांना लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार देते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचा परवाना दिला. मुख्य अट: नशा आणणारे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवे. तिथे अडचण आली ती बियाण्याची, कारण डोंगरातल्या देशी वाणात हे प्रमाण सहज वर जाते. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या दोन विद्यापीठांना प्रायोगिक लागवडीला मंजुरी दिली. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत संशोधनासाठी हे पीक उभे आहे. महाराष्ट्रात मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावू द्या, असा अर्ज थेट सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. इतर कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, हे त्याचे कारण. पोलिसांनी त्या अर्जाला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. भावाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

भांग-गांजाची चौकशी मात्र आपल्याकडे जुनी आहे. १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, असा निष्कर्ष काढला.

अमेरिकेतही कायदा झाला म्हणजे औषध मिळाले, असे झाले नाही. वॉशिंग्टन डीसीच्या मतदारांनी १९९८ मध्ये वैद्यकीय गांजाला कौल दिला, पहिली विक्री २०१३ मध्ये झाली. मधली बहुतेक वर्षे अमेरिकी संसदेनेच अडवून धरली होती. मराठी कुटुंबांनी गजबजलेल्या न्यू जर्सीत अशाच कायद्यावर जानेवारी २०१० मध्ये सही झाली आणि पहिले दुकान उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला. एपिडिओलेक्स हे सीबीडीचे, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचे, औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही लहानपणी सुरू होणाऱ्या दुर्मीळ, हट्टी अपस्मारासाठी. कॅन्सर बरा करण्याचा दावा त्यात नाही, आणि तसा दावा करून तेल विकणाऱ्यापासून दूरच राहावे.

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून माणसे येतात. त्यांच्या वेदनेवरचे खात्रीचे औषध मॉर्फिन, आणि त्याची कहाणीही एनडीपीएस कायद्याचीच आहे. १९८५ नंतर परवान्यांच्या धास्तीने देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. मॉर्फिन जिच्यापासून बनते ती अफू आपल्याच देशात पिकत होती आणि आपलेच रुग्ण तळमळत होते! एका रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. २०१४ मध्ये आपल्या संसदेने दुरुस्ती केली, त्याआधारे केंद्राने मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवली आणि परवानगी राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकाच खिडकीवर आणली. विजयेच्या औषधांसाठी महाराष्ट्राने तीच खिडकी उघडावी: उत्पादन शुल्क, औषध प्रशासन आणि पोलीस यांनी मिळून एक परिपत्रक काढावे, मराठीत, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लावावे.