कामाच्या बदल्यात मोफत मुक्काम: वर्क एक्सचेंज वेबसाइट्स कशा वापरायच्या?

चार दिवसांची सहल असेल तर हॉटेलचा खर्च चालून जातो. पण महिनाभर फिरायचं ठरवलं, तर रोजचे ५०० रुपये धरले तरी १५ हजार रुपये फक्त झोपायच्या जागेचे होतात. हा खर्च वाचवायचा एक मार्ग म्हणजे वर्क एक्सचेंज. मी आतापर्यंत तीन वेळा असा राहिलो आहे: हिमाचलमधलं एक हॉस्टेल, दापोलीजवळचा एक होमस्टे आणि वायनाडमधलं एक शेत. या वेबसाइट्स कशा चालतात, कुठे फायदा होतो आणि कुठे अडचण येते, ते आज सविस्तर पाहू.

वर्क एक्सचेंज म्हणजे काय?

तुम्ही दिवसातले काही तास काम करायचं, समोरच्याने राहायला जागा द्यायची आणि बऱ्याचदा जेवणही. पगार नसतो. जागा देणाऱ्याला होस्ट म्हणतात.

ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी शहरातल्या लोकांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातूनच आजची वूफ ही जगभरची संस्था उभी राहिली. वेबसाइट्सनी यात तीन गोष्टींची भर घातली: नकाशावर होस्ट शोधणं, मेसेज करणं आणि दोन्ही बाजूंनी रिव्ह्यू देणं.

कोणती वेबसाइट कशासाठी?

- वर्कअवे: सर्वात मोठ्या नावांपैकी एक. घरं, हॉस्टेल, शेतं, शाळा असं सगळं मिळतं. साधारण रोज ५ तास, आठवड्यात ५ दिवस अशी अपेक्षा असते.
- वर्ल्डपॅकर्स: मूळची ब्राझीलची. हॉस्टेलची कामं भरपूर. फोटो, व्हिडिओ, सोशल मीडिया जमत असेल तर इथे आधी बघा.
- वूफ: फक्त सेंद्रिय शेती. सदस्यत्व देशानुसार घ्यावं लागतं, भारतासाठी वेगळं आहे.
- ट्रस्टेडहाऊससिटर्स: मालक बाहेरगावी गेल्यावर त्याचं घर आणि कुत्रा-मांजर सांभाळायचं.

यादी पाहणं सहसा फुकट असतं, पण होस्टला मेसेज करायला वार्षिक फी भरावी लागते. फी वेळोवेळी बदलते, म्हणून साइटवरच तपासा. फी वसूल कधी होईल याचा हिशेब सोपा आहे. समजा फी ५,००० रुपये आणि त्या गावात डॉर्मचा बेड ५०० रुपये, तर १० रात्रींनंतर तुमची बचत सुरू होते. वर्षात एकच आठवडा जाणार असाल तर फी भरू नका, सरळ बेड बुक करा.

‘मोफत’चा खरा हिशेब

लोक इथेच फसतात. समजा आठवड्याला २५ तास काम आणि बदल्यात ५०० रुपयांचा बेड. सात रात्रींचे ३,५०० रुपये झाले, म्हणजे तासाला १४० रुपये. तेच काम ४० तासांवर गेलं तर तासाचा भाव साडेसत्त्याऐंशी रुपयांवर येतो. जेवण असेल तर त्याची किंमतही यात धरा.

हिमाचलच्या हॉस्टेलमध्ये माझं रोज ५ तास रिसेप्शनचं ठरलं होतं. सीझन सुरू झाला तसं ‘जरा चादरी बदल, जरा किचनमध्ये ये’ करत काम आठ तासांवर गेलं. मी मालकाला मोबाइलवरचं मूळ चॅट दाखवलं आणि म्हणालो, “दादा, एकतर तास कमी करा, नाहीतर दोन वेळचं जेवण द्या.” जेवण सुरू झालं. चॅटमध्ये तास लिहिलेले होते म्हणून हे जमलं. नुसतं फोनवर ठरलं असतं तर दाखवायला काहीच नव्हतं.

कोणतं कौशल्य चालतं?

झाडू मारणारे आणि रिसेप्शनला बसणारे पुष्कळ मिळतात. जे काम होस्टला स्वतः जमत नाही, त्याला जास्त किंमत मिळते. दापोलीच्या होमस्टेला मी गुगल मॅप्सवरची माहिती नीट करून दिली, खोल्यांचे फोटो काढले, व्हॉट्सॲप बिझनेसवर दरांचा कॅटलॉग बनवला. रोज जेमतेम तीन तासांचं काम, आणि राहणं-जेवण दोन्ही त्यांच्याकडे. हा होमस्टे कुठल्याही साइटवर नव्हता. मी थेट फोन करून विचारलं होतं, त्यामुळे फीसुद्धा लागली नाही. कोकणात असे घरगुती होमस्टे खूप आहेत. गर्दीच्या आधीच्या दिवसांत विचारा, तेव्हा खोल्याही रिकाम्या असतात.

पहिला मेसेज कसा लिहावा?

‘मला फिरायला आवडतं’ असं सगळेच लिहितात. त्यापेक्षा एवढं लिहा:

“मी ३ ते १७ नोव्हेंबर मोकळा आहे. तुमच्या पेजवर खोल्यांचे फोटो जुने दिसले. मी ते नवीन काढून देऊ शकतो, आधीच्या कामाची लिंक देत आहे. रोज किती तास, सुट्टी कोणत्या दिवशी आणि जेवण किती वेळचं, हे कळवाल का?”

तारखा, काम, पुरावा आणि प्रश्न, या चार गोष्टी आल्या की पुरे.

होस्ट तपासताना

१. रिव्ह्यू वाचताना सर्वात कमी स्टारचे आधी वाचा.
२. व्हिडिओ कॉल करा आणि झोपायची जागा दाखवायला सांगा. स्वतंत्र खोली की डॉर्म, दाराला आतून कडी आहे का, हे विचारा. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींनी तर हे टाळूच नये.
३. होस्टने डिपॉझिट किंवा ‘व्हिसा प्रोसेसिंग’चे पैसे मागितले तर तिथेच थांबा.
४. पत्ता आणि नंबर घरच्यांना देऊन ठेवा. परतीच्या तिकिटाचे आणि दोन रात्रींच्या लॉजचे पैसे वेगळे ठेवा. हे पैसे जवळ असतील तरच नको त्या जागेतून लगेच निघता येतं.

परदेशात जाताना व्हिसा आधी बघा

भारतात भारतीयांना ही अडचण नाही. परदेशात मात्र ‘पगार नाही म्हणजे काम नाही’ असं चालत नाही. न्यूझीलंडमध्ये कामाच्या बदल्यात मिळालेली जागा आणि जेवण हा मोबदलाच मानला जातो, त्यामुळे काम करायची परवानगी असलेला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर फक्त नोंदणीकृत चॅरिटीसाठी आणि जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावरही काम चालत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने परत पाठवलं तर वाचलेल्या मुक्कामापेक्षा तिकिटाचं नुकसान कितीतरी मोठं असतं, आणि पुढच्या व्हिसा अर्जातही ते सांगावं लागतं.

कायदेशीर मार्गही आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला. वर्षाला १,००० जागा असतात आणि निवड सोडतीने होते.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिला प्रयत्न भारतातच आणि एका आठवड्याचाच करा. काम जमतंय का, अनोळखी घरात राहणं झेपतंय का, हे तेवढ्यात कळतं. एक चांगला रिव्ह्यू मिळाला की पुढचा होस्ट लवकर हो म्हणतो. आणि जाण्याआधी तास, सुट्टी, जेवण, खोली या चारही गोष्टी चॅटमध्ये लिहून घ्या.