अंबरनाथचा नऊ, डोंबिवलीचा ल

अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दारावर, आतल्या अंगाला, एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं साल शके ७८२ असं वाचलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेच साल ९८२ असं लावलं. वाद पहिल्या आकड्याचा, सात की नऊ एवढाच. पण त्यापायी देऊळ इसवी सन ८६० मधून उठून १०६० मध्ये आलं. लेखातला राजा शिलाहार माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी. त्याचा थोरला भाऊ छित्तराज; त्याचा भांडुपला मिळालेला ताम्रपट शके ९४८ चा. तेव्हा ७८२ खरं धरलं, तर धाकटे बंधुराज थोरल्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच राज्य करून मोकळे झाले म्हणायचं!

भाऊ दाजींसारख्या मुरलेल्या माणसाची नजर जिथे चकते, तिथे प्रश्न नजरेचा नसतो. वळण वेगळं दिसलं म्हणजे अक्षरच वेगळं, की कोरणाऱ्याचा हात वेगळा, हे त्या एका अक्षराकडे टक लावून कळत नाही. तेच नाव, तोच शब्द आणखी कुठे कसा लिहिलाय ते हुडकावं लागतं. ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे, १७८७ साली खोदकामात अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट निघाला आणि लगोलग ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापून आला. हा अरिकेसरी छित्तराजाचा चुलता. असे पट शेजारी शेजारी मांडता आले, म्हणून शिलाहारांची वंशावळ लागली.

नेमक्या याच युक्तीने मध्य अमेरिकेतली माया लिपी फुटली. तिची गोष्ट तर आणखी गमतीची. १५६६ च्या सुमारास युकातानमधल्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया लेखकाकडून स्पॅनिश मुळाक्षरांची माया चिन्हं काढून घेतली. ‘ए’साठी त्याला तीन चिन्हं मिळाली, ‘बी’साठी दोन. स्पॅनिशमध्ये ‘बी’ला म्हणतात ‘बे’, आणि माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट. लेखकाने इमानेइतबारे वाटेवरच्या पावलाचं चिन्ह काढून दिलं. लांदाची वही १८६४ मध्ये छापून निघाली आणि पुढे कित्येक विद्वान ही ‘मुळाक्षरं’ दगडांवर बसवता बसवता थकले. १९५२ मध्ये रशियाच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी दाखवलं, की ही अक्षरं इंग्रजीच्या जातीची नाहीत, आपल्या क, कु, बे यांच्या जातीची आहेत.

तरी एक कोडं उरलंच. ध्वनी थोडे आणि चिन्हं उदंड. एरिक थॉम्प्सन यांच्या १९६२ च्या सूचीत आठशेहून अधिक. माया भाषेत ‘त्याचा’ म्हणायला शब्दाआधी ‘उ’ लागतो, म्हणजे तो जवळपास वाक्यागणिक येणार. तोच ‘उ’ पुन्हा पुन्हा तसाच काढणं लेखकांना कमीपणाचं वाटत असावं. कधी साधी आकृती, कधी एखादा चेहरा, असे त्याचे नाना अवतार त्यांनी केले, आणि सूचीत त्यांना वेगवेगळे क्रमांक पडले. १९८७ मध्ये डेव्हिड स्टुअर्ट यांनी एकच शब्द निरनिराळ्या लेखांत शोधून, एका चिन्हाच्या जागी दुसरं कुठलं येतं ते दाखवलं आणि अनेक जोड्या जुळवल्या. पालेंकेच्या पाकाल राजाचं नावही असंच: कुठे नुसती ढाल (पाकाल म्हणजे ढालच), कुठे प-क-ल अशी अक्षरं, कुठे दोन्ही.

आपल्याकडे एवढी चैन नाही, पण अगदीच दुष्काळही नाही. अ, झ, ण यांची मुंबई वळणं आणि कलकत्ता वळणं निराळी होती. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या टायपाने आपलं वळण रुजवलं, आणि पुढे केंद्र सरकारच्या प्रमाण देवनागरीनेही या तिघांपुरतं ते मान्य केलं. सावरकरांच्या अि, अु, अे या बाराखडीला ‘किर्लोस्कर’ मासिकाने जागा दिली, जुने अंक चाळणाऱ्याला त्या अि-अु ची दोन पानांत सवय होते. ल आणि श मात्र अजून दुहेरी आहेत. मराठीचा ल पाकळीचा, हिंदीचा दंडाचा. मराठीचा श देठाचा, दुसरा शेंडीफोड्या. (हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार.) ठाण्याहून कल्याणकडे जाताना दुकानांच्या पाट्या आणि पुढाऱ्यांचे फलक वाचत गेलं, तर दोन्ही ल एकाच रस्त्यावर नांदताना दिसतात. कल्याणमध्ये अर्धा ल आहे, डोंबिवलीत दीर्घ ली. आणि दोन्ही नावं कुठल्याही वळणात आली तरी गाडी चुकल्याची तक्रार कुणाची नाही. देठाच्या श चा कट्टर पुरस्कर्तासुद्धा पत्रिकेवर ‘श्री’ लिहिताना श ला तिसराच आकार देतो, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असं २०२२ च्या शासन निर्णयाने सांगितलं. पाठ्यपुस्तकापुरतं ते मला पटतं. पहिलीच्या पोराला एकच वळण गिरवू द्यावं. पण दंडाचा ल दिसला की मराठीवर आक्रमण झालं असा गहजब करण्याचं कारण दिसत नाही. खरी मेख वेगळीच आहे. युनिकोडमध्ये ल ला क्रमांक एकच. पाकळी काढायची की दंड, हे फॉन्टवर सोपवलेलं. फॉन्टमध्ये दोन्ही आकार असले आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असली, तर आपला ल उमटतो. नाहीतर फॉन्टचा जो नेहमीचा असेल तो. विंडोजमधला ‘मंगल’ आपल्याच र. कृ. जोशींनी घडवलेला, पण त्यात नेहमीचा ल दंडाचा. त्यामुळे पाकळीच्या ल चा आग्रह धरणारं परिपत्रकसुद्धा कचेरीत भाषा न नोंदवता ‘मंगल’मध्ये टाइप झालं, तर दंडाच्या ल नेच बाहेर पडणार.