पाण्यापासून सावध : लेखांक सातवा – काठावरच्या माणसाचे कर्तव्य

उत्तरेकडील देशांत गोठलेल्या सरोवरांवर मासेमारी करणारे लोक आधी बर्फाची जाडी मोजतात, ती चार इंचांहून कमी भरली तर पाऊल टाकीत नाहीत, आणि कोणी आत पडलाच तर त्याच्याकडे धावण्याऐवजी दुरूनच दोर फेकतात, हे मागील लेखांकात आले आहे. वावर-वांगणीच्या वाचकास त्या बर्फाशी काय कर्तव्य, ही शंका रास्तच. परंतु मृगाच्या दमदार सरींनंतर ओहोळांतून चढणीचे मासे वर येऊ लागले, की रात्री बत्ती आणि पाग घेऊन निघणाऱ्या जव्हार-मोखाड्याच्या माणसालाही नियम तोच लागू पडतो.

बर्फ निदान मोजता तरी येतो. वैतरणेचा उगम त्र्यंबकच्या डोंगरात असल्यामुळे मोखाड्यात आभाळ कोरडे असताना वरच्या पावसाने अथवा धरणातून सोडलेल्या पाण्याने पात्र एकाएकी भरू शकते. म्हणून पाणी गढूळ होऊन त्यात पाला-काटक्या दिसू लागल्या, की मासा कितीही लागत असो, काठ गाठावा. पागाची दोरी मनगटास पक्की बांधण्याची खोड तर फारच वाईट. जाळे बुडालेल्या ओंडक्यात अडकून प्रवाहाचा ताण बसला, म्हणजे पट्टीचा पोहणाराही जागीच जखडला जातो. फास हात झटकताच निसटेल इतका सैल असावा. पाग जिवाहून मोलाचा नाही, हे सांगावे लागू नये, पण लागते.

2 जुलै 2020 रोजी जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. त्यांत बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी उतरलेलेही होते. ते धैर्य वंदनीय खरे, तथापि बुडणारा माणूस हाती येईल त्याला मिठी मारतो आणि एका मृत्यूचे दोन होतात. काठावरूनच बांबू पुढे करावा, लुगडे फेकावे. त्याहून उत्तम म्हणजे तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा. त्यात ओंजळभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि मुठीला लांब दोर बांधावा. त्या थोड्या वजनाने डबा दूरवर जातो, तरंगतो, आणि छातीशी धरणाऱ्याला पेलतो. प्रत्येक टोळीने एवढा सरंजाम बरोबर बाळगावाच.

बाहेर काढलेल्यास उलटे टांगणे वा त्याचे पोट दाबणे हा जुना परिपाठ सर्वथा त्याज्य होय. एकाने 108 वर इत्तला द्यावी. दुसऱ्याने, श्वास चालत नसेल तर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी तळहाताने तीस दाब आणि दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दाबांची गती मिनिटाला 100 ते 120. घाटरस्त्याने गाडी येण्यास वेळ लागतो, त्या अवधीत सारी भिस्त काठावरच्याच हातांवर असते. आणि माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला घरी न नेता जव्हारच्या कुटीर रुग्णालयात अथवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याने काही तासांनंतरही श्वास कोंडू शकतो.